नागपुरातलं लॉन आणि तण : काम पावसाआधीचं

जुलैत लॉनभर दिसणारा केना, दुधी, घोळ, भुईआवळी यांतलं बहुतेक तण मृगाच्या पहिल्या सरींनाच रुजलेलं असतं. आपल्याला ते दिसतं तीन-चार आठवड्यांनी. तोवर मुळं खोल गेलेली असतात, दुधी-घोळीला बी धरायला लागलेलं असतं, आणि ओल्या चिखलात बसून निंदण करावं लागतं. हेच काम बी रुजण्याआधी केलं तर एका सकाळीत उरकतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर आहे तो वेळेवर.

थंड देशांत लॉनचं तण रोखण्याचा मोसम म्हणजे वसंताची सुरुवात. तिथे हिवाळ्यात जमीन गारठते, ती साधारण १०-१३ अंशांपर्यंत तापली की उन्हाळी तणाचं बी जागं होतं आणि तण रोखणारं औषध (उगवणीपूर्वीचं तणनाशक) त्याच्या आधी पडावं लागतं. ते वेळापत्रक नागपूरला तसंच्या तसं लावता येत नाही. आपल्याकडे माती बी रोखून धरण्याइतकी क्वचितच गारठते. इथे बियाला उठवतं ते पाणी. हिवाळ्यानंतर तुम्ही पुन्हा नेमाने पाणी सुरू करता तेव्हा पहिली उगवण होते, आणि पावसाच्या पहिल्या सरींना दुसरी, त्याहून कितीतरी मोठी. त्यामुळे आपल्या वेळा दोन: फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा पहिला आठवडा, आणि जूनचा पहिला पंधरवडा. उन्हाळ्यात ज्यांच्या लॉनला पाणी मिळत नाही, त्यांनी पहिली वेळ सोडून सगळं लक्ष दुसरीवर ठेवावं.

आधी तण ओळखा

रुजण्याआधी रोखता येतं ते फक्त बियापासून येणारं वार्षिक तण: केना, घोळ, दुधी, भुईआवळी, तरोटा, गाजरगवत आणि बोटांसारखे तुरे काढणारी गवतं, म्हणजे रान नाचणी आणि तिचे भाऊबंद. लव्हाळा (काही जण मोथा म्हणतात) हा जमिनीतल्या गाठींतून येतो, त्याच्यावर हा उपाय चालत नाही. पान गवतासारखंच दिसतं, पण देठ बोटांत फिरवून पाहा, तीन कडा हाताला लागतात. मेक्सिकन नावाच्या गवताच्या लॉनमध्ये घुसलेली हरळीसुद्धा कांड्यांनी पसरते, तिलाही हे औषध रोखत नाही. ती हातानेच, मुळासकट, एकेक दोर ओढून काढावी लागते.

तण कुठे उगवतं यावरूनही बरंच कळतं. रान नाचणी बहुधा पायवाटेच्या कडेला आणि गाडी वळते तिथे दिसते, म्हणजे तिथली माती दबून घट्ट झालेली असते. लव्हाळा पाणी साचतं त्या खोलगटात. आंबुशी कुंड्यांच्या आजूबाजूला आणि सावलीत, कारण ती बहुतेक वेळा नर्सरीतल्या कुंडीच्या मातीतूनच घरात येते. ही जागा सुधारली नाही तर औषध दरवर्षी लागत राहील.

माघ-फाल्गुनातलं काम

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर आला की मेक्सिकन आणि दूर्वा दोन्ही पिवळसर पडतात, वाढ थांबते, गवत विरळ होतं. विरळ गवतातून ऊन मातीपर्यंत पोचतं आणि बियाला तेच हवं असतं. म्हणून फेब्रुवारीतलं पहिलं काम म्हणजे लॉन दाट करणं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक कापणी नेहमीपेक्षा थोडी खाली, साधारण एक इंचावर करा. कोरियन लॉनला मात्र अशी खालून कात्री लावू नका, त्याच्या उंचवट्यांवर टक्कल पडतं आणि ते महिनोन्‌महिने भरत नाही. कापल्यावर पंजाने वाळलेल्या काड्यांचा थर ओढून काढा. मग काट्याने, म्हणजे चार दातांच्या बागकामाच्या फोर्कने, वीतभर अंतरावर ८-१० सेंटिमीटर खोल टोचत जा. काळ्या मातीत हे वाफशावरच करायचं. माती ओली असेल तर भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि पाणी मुरायचं आणखी कमी होतं, कोरडी ठणठणीत असेल तर फोर्कच वाकतो. सेमिनरी हिल्सच्या बाजूला जिथे खाली मुरूम आहे, तिथे ४-५ सेंटिमीटरवर फोर्क अडला तरी चालेल.

त्यावर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट अर्धा सेंटिमीटर जाडीचं पसरा. १००० चौरस फुटांना साधारण अर्धा घनमीटर लागतं, म्हणजे २० लिटरच्या २३-२५ बादल्या. काळ्या मातीत नुसती रेती मिसळण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. आमच्या मते तो टाळावा: थोडी रेती आणि भरपूर चिकण माती मिळून वाळल्यावर विटेसारखं कडक होतं. आणि ताजं शेणखत लॉनवर अजिबात नको. जनावराने खाल्लेल्या बियांतलं बरंचसं शेणातून जिवंत बाहेर पडतं. ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापून, दोन-तीनदा उलथून, मातीचा वास येईपर्यंत कुजला असेल तरच ते बी मरतं.

टकलाच्या जागा याच आठवड्यात लावून घ्या. खाली औषधाचा भाग येईल, त्यात ही जागा झाकून ठेवावी लागणार आहे, कारण औषध बियाची मुळं रोखतं तशीच नव्या कांडीची मुळंही रोखतं. नवी कांडी धरायला सहा ते आठ आठवडे द्या.

खत लगेच नको. गवत हिरवं होऊन वाढू लागलं, एकदा कापणी झाली, की १००० चौरस फुटांना अर्धा किलो युरिया, पानं कोरडी असताना, दोन दिशांनी विभागून टाका आणि लगेच पाणी द्या. दुसरा अर्धा किलो तीन-चार आठवड्यांनी. एकदम एक किलो टाकून पाण्याला उशीर झाला, तर मार्चच्या उन्हात पट्टे करपतात. पिवळ्या, झोपलेल्या गवताला दिलेलं खत गवताऐवजी तणच खातं.

पाण्याची सवय इथेच बदलून घ्या. रोज संध्याकाळी पाईपने पाच मिनिटं शिंपडलं तर वरचा एक सेंटिमीटरच ओला राहतो, आणि बी नेमकं तिथेच असतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सकाळी, १०-१२ सेंटिमीटर ओल जाईल इतकं द्या. ओल पाहायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो: ओल्या मातीत सहज शिरतो, कोरड्या थरावर अडतो.

औषध घ्यायचं की नाही

लॉन ५०० चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर औषध घेऊ नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मेच्या अखेरीस लॉनला दोन-तीन दिवस लागोपाठ हलकं पाणी द्या. वरच्या थरातलं बी रुजतं. आठ-दहा दिवसांत दोन पानांवर आलेली ही रोपं खुरप्याच्या टोकाने, माती फार न हलवता, काढा. माती खोल उकरली की खालचं बी वर येतं आणि सगळं पुन्हा सुरू. पाऊस लागल्यावर पुन्हा एकदा, पहिल्या सरीनंतर सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आत. या दोन फेऱ्या वेळेवर झाल्या तर पुढचा पावसाळा सोपा जातो.

मोठ्या लॉनसाठी उगवणीपूर्वीचं तणनाशक म्हणून पेंडीमेथालिनचं नाव सगळ्यात आधी पुढे येतं. विदर्भात सोयाबीन आणि कापसात ते सर्रास वापरतात, त्यामुळे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. लेबलवर पिकांची नावं आणि मात्रा छापलेली असते. तिथे लॉनचा उल्लेख नसेल तर स्वतःच्या हिशोबाने सुरुवात करू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन महाराजबागेतल्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या विभागात विचारा, आणि तिथून होकार आला तरी आधी एका कोपऱ्यात १० बाय १० फुटांवर करून तीन आठवडे पाहा.

हे औषध मातीच्या वरच्या थरात एक पातळ पापुद्रा धरून बसतं. बी रुजून कोंब आणि मूळ त्या थरात शिरलं की पेशी विभागायच्या थांबतात आणि रोप मरतं. उगवून वर आलेल्या तणावर त्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. हे एवढं नीट समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

मात्रेचा हिशोब नेहमी क्षेत्रफळावर करा. दुकानात 'पंपाला अमुक मिली' असं सांगतात, म्हणजे फवारणी पंपाच्या एका टाकीला. ते शेतकऱ्याला चालतं, कारण एकरी किती पंप लागतात हे त्याला ठाऊक असतं. तुमचा एक पंप ५०० फुटांवर संपेल की २००० फुटांवर, हे तुमच्या चालीवर ठरतं, आणि मात्रा चौपट इकडे-तिकडे होते. ३० टक्के ईसी प्रकारची (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं द्रावण) पिकांतली नेहमीची मात्रा हेक्टरी ३.३ लिटर आहे, म्हणजे १०० चौरस मीटरला ३३ मिली, १००० चौरस फुटांना साधारण ३० मिली. ३८.७ टक्के सीएस प्रकार हेक्टरी १.७५ लिटर, म्हणजे १००० चौरस फुटांना १६ मिली. सीएस प्रकारात औषध सूक्ष्म कवचात असतं, ते उन्हात कमी उडतं आणि त्याचे डागही कमी पडतात. मिळालं तर तेच घ्या. बाटली मोठी असते आणि तुम्हाला लागतं त्याचा लहानसा भाग. उरलेलं शेजाऱ्याला शीतपेयाच्या बाटलीत ओतून देण्याचा मोह होतो. ते कधीही करू नका. मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा.

फवारणीचा दिवस

जूनची फवारणी नवतप्यात, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीच्या नऊ कडक दिवसांत, करू नका. ४५ अंशांच्या उन्हात औषध मातीवरून उडून जातं आणि सूर्यप्रकाशाने विघटित होतं. मृग ७-८ जूनला लागतं, नागपुरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. त्याआधी एखादी वळवाची सर येऊन जाते. प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज रोज पाहा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हलका ते मध्यम पाऊस असेल तो दिवस धरा. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर थांबा, औषध वाहून नालीत जातं, तिथून नाग नदीत, आणि माशांना ते विषारी आहे.

काळ्या मातीसाठी एक जास्तीचं काम आहे, आणि बहुतेकांचं फसतं ते इथेच. मेमध्ये माती भेगाळते. भेगांवर फवारलं तर औषध भेगेत उतरतं, वर पापुद्रा तयार होत नाही, आणि पाऊस पडून भेगा मिटल्या की नेमक्या त्याच रेषांवर तण उगवतं. म्हणून फवारणीच्या पाच-सहा दिवस आधी भरपूर पाणी देऊन भेगा मिटवून घ्या. या पाण्याने काही बी उगवलं तर ते फवारणीआधी निंदून टाका. मग पुढीलप्रमाणे करा:

१. लॉन मोजा. वेडीवाकडी जागा असेल तर चौकोनांत तोडून मोजा. फरशी, घर, झाडांचे आळे वजा करा.

२. गवत दोन दिवस आधी कापा आणि कापलेलं गवत उचलून घ्या. मातीवर काड्यांचा थर असेल तर औषध त्यालाच चिकटून राहतं.

३. टकलावर लावलेल्या नव्या कांड्या प्लास्टिकने झाका. कडेची फरशी आणि दगडही झाका, ईसी प्रकाराचा पिवळा डाग निघत नाही.

४. पंपाला चपट्या पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लावा. गोल फवाऱ्याने कुठे जास्त, कुठे कमी पडतं.

५. आधी साध्या पाण्याने सराव करा. ५ लिटर पाणी १००० चौरस फुटांवर बरोबर संपलं पाहिजे, अर्धं एका दिशेने, अर्धं आडव्या दिशेने. ७०० फुटांतच संपलं तर चाल वाढवा. हा सराव कोरड्या फरशीवर केला तर पट्टे सुटलेले दिसतात.

६. पंपात अर्धं पाणी, मग मोजलेलं औषध, ढवळून उरलेलं पाणी. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट, चष्मा, मास्क. सकाळी ७च्या आसपास, वारा पडलेला असताना फवारा. सुतळीने पट्टे आखून घेतले तर दुहेरी फवारणी होत नाही.

७. औषध मातीत जायला १० ते १२ मिलिमीटर पाणी लागतं. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, त्यामुळे १००० चौरस फुटांना साधारण १००० लिटर, घरावरची एक टाकी. अंदाजाप्रमाणे पाऊस आला तर हे पाणी वाचतं. ४८ तासांत नाही आला तर द्यावंच लागेल. एक सपाट तळाचा डबा लॉनवर ठेवून आत एक सेंटिमीटर पाणी जमलं की पुरे.

८. पाणी मुरून लॉन पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री-मांजरी दूर. पंप धुतलेलं पाणी लॉनवरच फिरवा, नालीत नको.

मार्चची फवारणी याच पद्धतीने, फक्त पाणी तुम्हीच द्यायचं. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा हे औषध नको, त्याने लॉनच्या स्वतःच्या मुळांवर ताण येतो.

मग तरी तण का आलं?

सगळीकडे सारखं आलं असेल तर उशीर झाला, बी आधीच रुजलं होतं. पट्ट्यापट्ट्याने आलं असेल तर फवारणी असमान झाली. रेषांवर आलं तर भेगा. फवारणीनंतर फोर्क मारला, रोप लावायला खड्डा केला, पंजा जोरात ओढला, तर पापुद्रा तिथे फाटला आणि बी त्या फटीतून वर आलं. म्हणून टोचायचं, उकरायचं ते सगळं आधी. आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तण दिसू लागलं तर औषधाची मुदत संपली. पावसाळ्यात ते दीड-दोन महिनेच टिकतं.

लॉन पिवळं पडून वर न उठणाऱ्या, मुळं आखूड राहिलेल्या जागा दिसल्या तर मात्रा जास्त झाली. तिथे पाणी नेमाने द्या, खत थांबवा, वाट पाहा. नवीन कांड्या तिथे दोन-तीन महिने लावू नका.

लव्हाळा

लव्हाळा ओढला की वरचं पान हातात येतं, गाठ खाली राहते, आणि ओढल्याने शेजारच्या झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. थोडा असेल तर एकच मार्ग: दर दहा-बारा दिवसांनी, न चुकता, अरुंद खुरप्याने गाठीसकट काढणं. कोंब आल्यापासून साधारण महिन्याभराने नव्या गाठी धरू लागतात, त्याआधी तो प्रत्येक वेळी कापला गेला तर गाठीतलं अन्न संपत जातं. एक मोसम पुरत नाही, दोन लागतात. पसरलेलाच असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे उसात वापरलं जाणारं औषध आहे. उसातली मात्रा एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे १००० चौरस फुटांना एक ग्रॅमहूनही कमी. घरच्या तराजूवर ते मोजता येत नाही, त्यामुळे हे काम वर सांगितल्याप्रमाणे विचारूनच, जाणत्या माणसाकडून करून घ्या.

ग्लायफोसेट लॉनमध्ये नको, ते लॉनही मारतं. रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी सुचवलं जातं. त्याचा उडालेला अंश टोमॅटो, वेलभाज्या आणि कापूस यांना वेडावाकडा करतो, आणि नागपूरच्या नव्या लेआउटांत कुंपणापलीकडे कापसाचं वावर असणं अजिबात दुर्मीळ नाही. तिथे हात आणि खुरपंच बरं.

पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कापणी. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नका. उंची दीड इंच, उन्हाळ्यात दोन. दाट, जरा उंच गवताखाली सावली राहते आणि बी रुजत नाही. तणाला तुरे आले असतील तर कापलेलं गवत पिशवीत भरा, लॉनवर सोडू नका. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटा, हातमोजे घालून, त्याची अॅलर्जी होते. पावसानंतरच्या ओल्या मातीत ते मुळासकट येतं.

नवीन लॉन लावत असाल तर

एप्रिल-मेचं ऊन इथे मोठं साधन आहे. जागा नांगरून किंवा खणून सपाट करा, पाणी द्या, आणि पारदर्शक, २५ मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक मातीला अगदी चिकटवून अंथरा. कडा मातीत १५ सेंटिमीटर पुरा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. वरच्या काही सेंटिमीटरमधलं बरंचसं बी भाजून मरतं. काळं प्लास्टिक घेऊ नका, ऊन आत जात नाही. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातून वाचतात, म्हणून पहिल्याच खणणीत त्या वेचून काढा. प्लास्टिक काढल्यावर पुन्हा खोल खणू नका, नाहीतर खालचं जिवंत बी वर येईल. लॉनचे चौकोन घ्यायला नर्सरीत जाल तेव्हा चारपाच चौकोन उलटे करून पाहा: खालच्या मातीत काळ्या, शेंगदाण्याहून लहान, दोऱ्याने जोडल्यासारख्या गाठी दिसल्या तर ती गाडी परत पाठवा. ट्रकने येणाऱ्या मातीचंही तसंच. दोन मुठी माती कुंडीत घालून दहा दिवस ओली ठेवा, काय उगवतं ते पाहा, मगच बाकीची मागवा.